कवडीला दमवू नका, थांबायला शिकवा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

जुन्नर तालुक्यात आमचं अडीच एकर रान आहे. करोनानंतर पुण्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही इथंच राहायला आलो. 11 शेळ्या, एक गाय, पंचवीसेक कोंबड्या आणि थोडा भाजीपाला आहे. हे आठवड्यातले चार दिवस नोकरीसाठी पुण्याला असतात. घरी मी, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा. पाच महिन्यांपूर्वी यांनी पुण्याहून बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. शेळ्या राखेल, मुलाला सोबत होईल, असा विचार होता. नाव कवडी. आता ती सात महिन्यांची आहे आणि इतकी हुशार, की भीती वाटते. फाटकाची कडी नाकानं उचलून उघडते. कोंबड्यांभोवती तासन्‌तास घिरट्या घालते. मुलगा पळाला की मागून त्याची टाच धरते. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की कुंपणाच्या कडेकडेनं जिवाच्या आकांतानं पळत सुटते. गेल्या मंगळवारी तिनं एका गाभण शेळीला रानभर पळवलं आणि ती शेळी बांधावरून ओढ्यात पडली.

या जातीला भरपूर दमवायला लागतं असं सगळे सांगतात, म्हणून मी रोज दोन तास बॉल फेकते. पण ती दमतच नाही, उलट जास्त चेकाळते. सासूबाई म्हणतात, साखळीला बांध. शेजारचे दादा म्हणतात, दिवाळीनंतर मेंढ्या बसवायला धनगर येतील, त्यांना देऊन टाका. हे म्हणतात, जोडीला अजून एक पिल्लू आणू. माझा जीव तिच्यात गुंतलाय. आमचं चुकलं का? आणि तिला शेळ्या राखायला शिकवायचं तरी कसं?

— कवडीची आई


उत्तर

कवडीच्या आई, आधी त्या शेळीचं बघा. गाभण शेळी अशी पळून पडली की कधी कधी त्रास दोन-चार दिवसांनी दिसतो. चारा सोडला, कळपापासून लांब एकटी उभी राहू लागली, मागून रक्त किंवा घाण यायला लागली, तर पशुवैद्यकांना लगेच बोलवा. तोवर तिला गोठ्यात वेगळी बांधा आणि कवडी तिच्या नजरेलाही पडू देऊ नका. अशी पळवलेली शेळी कुत्रं लांबून दिसलं तरी बिथरते.

आता कवडीकडे वळू. तुमच्या पत्रातलं ‘ती दमतच नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमचं चुकलं असेल तर ते एवढ्याच जागी, आणि त्यातही तुमचा दोष थोडा आहे, कारण हा सल्ला जो तो देतो. तालमीत जाणाऱ्या पोराकडून रोज पाचशे जोर काढून घेतले तर महिन्याभरानं तो दमून पडत नाही, हजार मारायला लागतो. तुम्ही रोज दोन तास बॉल फेकून कवडीचा दम वाढवलात. शिवाय हलणारी वस्तू दिसली की तिच्यामागे सुटायचं, हा धडा तिच्याकडून दिवसाला शंभर वेळा गिरवून घेतलात. बॉल, कोंबडी, मुलाची टाच, मोटारसायकल, शेळी, तिच्या डोळ्यांना हे सगळं एकच आहे. तेव्हा बॉल आजपासून कपाटात. वर्षाच्या आतल्या पिल्लाच्या हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात, तेव्हा रोजच्या त्या उड्या आणि गचकन थांबणं तिच्या सांध्यांनाही बरं नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. सात महिन्यांच्या पिल्लानं दिवसरात्र मिळून 15-16 तास झोपायला हवं. ही जात आपणहून झोपत नाही. काहीतरी हलतंय तोवर ती जागी राहते, आणि शेतावरच्या घरात सतत काही ना काही हलतच असतं. झोपेला आलेलं मूल जसं किरकिरतं, हात-पाय आपटतं, तशीच ही चेकाळते. तिला पडवीत किंवा आतल्या खोलीत एक कोपरा करून द्या. तिथून कोंबड्या दिसू नयेत, रस्ता दिसू नये. मोठा पिंजरा असेल तर उत्तम, नसेल तर जाळीचं फाटक लावलेली खोली चालेल. खाली गोणपाट, जवळ पाणी. सकाळचं फिरणं झालं की दोन-अडीच तास तिथं, दुपारच्या उन्हाचे तीन-चार तास तिथं. पहिले आठ दिवस ती भुंकेल, रडेल. ताकात भिजवलेली भाकरी चाटायला द्या, आत शांत बसली की जाता जाता हळूच एक घास टाका, भुंकत असताना मात्र दार उघडू नका. साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी ती स्वतःच्या पायानं तिथं जाऊन आडवी होईल, आणि तुम्हाला वाटेल की घरात दुसरीच कुत्री आलीय.

ती अशी का वागते हे एकदा नीट कळलं की तुमचा तिच्यावरचा अर्धा राग जाईल. ही जात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांतली. तिथं मेंढ्या मैलोन्‌मैल मोकळ्या चरतात आणि एकटा मेंढपाळ खाली उभा राहून कुत्र्याला वर पाठवतो. 1893 साली नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर नावाच्या शेतकऱ्याकडे हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. तो भुंकायचा नाही, चावायचा नाही. नुसती नजर रोखून, दबा धरून मेंढ्या हलवायचा. ते बघून लोकांनी त्याची पिल्लं घेतली, त्या पिल्लांची पिल्लं घेतली, आणि आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींच्या वंशावळीत मागं जाल तर हेम्प सापडतो. कोंबड्यांसमोर एक पाय उचलून, मान खाली घालून दगडासारखी उभी राहणारी तुमची कवडी तो वारसा चालवते आहे. तिला ते कुणी शिकवलेलं नाही.

मुळात ही शिकारच. लांडगा आधी शोधतो, मग रोखून बघतो, दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो, मारतो. मेंढरं वळवणाऱ्या कुत्र्यात माणसानं यातला आधीचा भाग वाढवला आणि शेवटचा मागे रेटला. रेटला म्हणजे पुसून टाकला नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. रेमंड कॉपिंजर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी राखणीची कुत्री आणि वळवणारी कुत्री यांचा पुष्कळ वर्षं अभ्यास केला, त्यांनी ही साखळी फार नेमकी मांडली आहे.

त्यातच तुमच्या शेजारच्या दादांचं उत्तर आलं. आपल्या धनगरांची कुत्री राखणीची. ती मेंढरांतच लहानाची मोठी होतात, मेंढरं त्यांना आपली वाटतात, त्यांच्याकडे रोखून बघायचं त्यांना सुचतही नाही. रात्री वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढ्या आत घेतल्या की हे कुत्रं बाहेर वाऱ्याच्या तोंडाला बसतं आणि लांडग्याचा वास आला की उठतं. मेंढ्या हाकायचं काम धनगर स्वतः करतो, काठीनं आणि तोंडानं. त्या कळपात कवडी गेली तर ती मेंढ्यांना दिवसभर फिरवत राहील, आणि धनगराला ते चालणार नाही. चालू नयेच, त्याचं पोट त्या मेंढ्यांवर आहे. त्याच्या कुत्र्यांशी तिची मारामारी होईल ती वेगळीच. दादांनी मनापासून सुचवलं असेल, पण नको.

दुसरं पिल्लूही आणू नका. ही गोष्ट यांना माझ्या नावावर सांगा. आज एक कुत्री शेळीला पळवते, उद्या दोघं मिळून पळवतील, आणि दोघांच्या मेळात तो शेवटचा मागे रेटलेला भाग पुढे यायला वेळ लागत नाही. कवडी दोन वर्षांची होऊन हाताखाली आली, की मग बघा.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार मोलाचं आहे. कवडी मोकळी राहता कामा नये. गुरंढोरं सांभाळलेल्या बाईला जे कळतं ते त्यांना कळलंय, त्यांना तसं सांगाही. फक्त साखळी नको. दिवसभर साखळीला बांधलेली ही जात स्वतःच्याच शेपटीमागे गोल फिरायला लागते, सावल्यांवर भुंकायला लागते, आणि ते खूळ एकदा लागलं की सुटता सुटत नाही. त्याऐवजी 10 मीटरचा हलका दोर घ्या. नायलॉनचा नको, हात कापतो. सुती किंवा पट्टीचा घ्या. तो गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधा. पुढचे सहा महिने अंगणात, रानात कवडी बाहेर असेल तेव्हा तो दोर तिच्या अंगावर आणि दुसरं टोक तुमच्या हातात किंवा पायाखाली. तुमचं लक्ष नसेल तेव्हा ती तिच्या कोपऱ्यात किंवा कुंपण घातलेल्या छोट्या जागेत. मधली तिसरी जागा नाही.

हे एवढं कडक का सांगते, त्याचं कारण माझ्याच घरात घडलं. माझी पहिली कुत्री बिजली, अर्धी कॉली. ती नऊ महिन्यांची असताना मी एका दुपारी तासाभरासाठी शेजारी गेले. कोंबड्यांशी ती कधी वाईट वागली नव्हती, म्हणून मोकळी ठेवली. परत आले तर ती खुराड्याच्या दारात पडून होती, पुढचे पाय लांब केलेले, नजर आत, शेपूट मातीवर हळूहळू हलत होती. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. तिनं सगळ्या कोंबड्या गोळा करून आतल्या कोपऱ्यात घातल्या होत्या आणि हलू दिल्या नव्हत्या. वरच्या कोंबड्या उचलत गेले तसतशा खालच्या गार लागायला लागल्या. सहा कोंबड्या गुदमरून मेल्या होत्या. एकीलाही दात लागला नव्हता. बिजलीनं माझ्याकडे पाहिलं, काम चोख झालं ना, असं विचारत असल्यासारखं. मी तिला मारलं. ती बरीच वर्षं माझ्याजवळ होती, पण त्या दिवशी मारलं ते अजून आठवतं. चूक तिची नव्हती, दार उघडं मी ठेवलं होतं.

कडीचंही तसंच आहे. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला 1,022 खेळण्यांची नावं शिकवली. त्यांचा शोधनिबंध 2011 सालचा आहे. लोक आकडा ऐकून थक्क होतात, मला त्यामागचं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं: तो माणूस तीन वर्षं रोज चार-पाच तास तिला शिकवत होता. कवडीही रोज तेवढे तास शिकतेच आहे. तुम्ही स्वयंपाकघरात असता तेव्हा ती कडी शिकली. सासूबाई दाणे टाकतात तेव्हा कोंबड्या कुठून येतात ते शिकली. मोटारसायकलवर भुंकलं की मोटारसायकल निघून जाते, हेही ती शिकली. तिच्या हिशोबानं दरवेळी तीच जिंकते. तेव्हा तिच्यासमोर काय घडू द्यायचं हे तुम्ही ठरवा. फाटकाला खटक्याची कडी किंवा सरळ कुलूप लावा. रस्त्याकडच्या कुंपणाला चार-पाच फुटांपर्यंत हिरवी शेडनेट ताणून बांधा. काम लहानसं आहे, पण मोटारसायकल दिसेनाशी झाली की पळणं बरंचसं आपोआप बसेल. आवाज तरी येईलच. आवाज आला रे आला, ती उठायच्या आत ‘कवडी, ये’ म्हणून हाक मारा आणि आली की चांगला घास द्या, उकडलेल्या चिकनचा तुकडा, अंड्याचा तुकडा. महिनाभरात मोटारसायकलचा आवाज म्हणजे तुमच्याकडे यायचं, असं तिच्या डोक्यात बसेल. रस्त्यावर मात्र दोराशिवाय कधीही नेऊ नका. या जातीची कितीतरी कुत्री चाकाखाली गेली आहेत.

मुलाचं सगळ्यात जपून करा. टाच धरणं हा राग नाही, गुरांच्या मागच्या पायाला तोंड लावून हलवायचं ते काम आहे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या पायाला दात लागला तर ते काम आहे की राग, याचा विचार कुणी करत बसत नाही. मुलगा पळत खेळत असेल तेव्हा कवडी आत. दोघं बाहेर एकत्र असतील तेव्हा दोर तुमच्या हातात, मोबाइल खाली. मुलाला एक शिकवा: कवडी मागे लागली की झाड व्हायचं. हात अंगाशी, ओरडायचं नाही, पळायचं नाही. झाडाला राखण्यात तिला काही गंमत वाटत नाही. शांतपणाच्या वेळी त्याला तिच्याकडून ‘बस’ करून घेऊ द्या, आणि ती बसली की घास जमिनीवर टाकू द्या, हातातून नको. दात कधी लागलाच, चामडी जराही फाटली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा, कवडीला रेबीजची लस दिलेली असली तरीही. ती लस तीन महिन्यांची असताना मिळाली होती का, पुढची कधी आहे, ते कार्ड आज काढून बघा.

आता तुमचा खरा प्रश्न, शेळ्या राखायला शिकवायचं कसं. खरं सांगायचं तर तुमच्या अडीच एकरांत 11 शेळ्या वळवायचं काम दिवसाला दहा मिनिटांचं. संध्याकाळी पाटीत भुस्सा टाकल्याचा आवाज आला की त्या धावतच येतात, त्यांना कुत्रं लागत नाही. तेव्हा कवडी ही घरची कुत्री आहे आणि तिला थोडं रानातलं काम आहे, असं धरून चाला. तसं धरलं की तुमच्यावरचं ओझं उतरेल. तिला काम हवं हे खरं, पण काम म्हणजे फक्त हाकणं, असं ती मानत नाही. आपण मानतो.

पहिलं काम थांबण्याचं. सकाळी शेळ्या सोडताना तिला दोरावर घेऊन फाटकापासून पंधरा-वीस पावलं लांब उभ्या राहा. ती रोखून बघायला लागेल. बघू द्या, पण दोर ताणला की तुम्ही मागे वळायचं. तिनं क्षणभर जरी तुमच्याकडे वळून पाहिलं तरी ‘शाब्बास’ आणि घास. शेवटची शेळी बाहेर पडेपर्यंत तिनं खाली बसून राहावं, इथवर यायला तुम्हाला महिना-दोन महिने लागतील. सुरुवातीला ती थरथरेल, तोंडातून बारीक आवाज काढेल. हे बसणं तिला दोन तासांच्या बॉलपेक्षा जास्त थकवतं. अंडी गोळा करताना टोपलीशेजारी बसणं, भाजी खुडताना सरीच्या टोकाला बसणं, हीसुद्धा तिची कामं. संध्याकाळी घरात तिची खेळणी लपवा आणि नावानं शोधायला सांगा. शेळीच्या गळ्यातली जुनी घंटी गवतात टाकून नाकानं शोधून आणायला लावा. दहा-दहा मिनिटांचं असं दिवसातून तीन वेळा पुरे.

शब्द घरात सगळ्यांनी मिळून ठरवा आणि ते मराठीतच ठेवा, म्हणजे सासूबाईही तेच म्हणतील. बस. थांब. ये. सोड. आणि एक ‘झालं’. तिकडचे मेंढपाळ काम संपलं की कुत्र्याला शेवटी एक ठरलेलं वाक्य म्हणतात, त्यावर कुत्रं मेंढ्यांकडे पाठ करून मालकाजवळ येतं. या जातीला संपलं हे सांगावं लागतं. खेळ संपला, बघणं संपलं, ‘झालं’, आणि तिथून निघायचं. हा शब्द मी सगळ्यात आधी शिकवते. आणि तिनं एकदा न ऐकल्यावर ‘ये, ये, अगं ये ना’ असं दहा वेळा म्हणत बसू नका, म्हणजे दहाव्या वेळी यायचं असतं असं ती शिकते.

प्रत्यक्ष शेळ्यांवर मात्र वर्षाची झाल्याशिवाय नको. त्यातही शेळ्या अवघड. मेंढ्या कुत्रं बघून एकमेकींना चिकटतात, म्हणून त्या वळवता येतात. शेळी फुटते, उलटी फिरते, डोकं खाली घालते. करडंवाली असली तर सरळ शिंगावर घेते. लहान वयात एकदा जोरात मार बसला की काही कुत्री कायमची बुजतात आणि काही कायमची चावरी होतात. दिवाळीनंतर धनगर आले की त्यांच्याकडून जुनं वाघूर विकत मिळतं का विचारा. मेखा ठोकून त्याचं पंधरा-वीस पावलं रुंदीचं गोल वाडगं करा. कोपरा ठेवू नका, कोपऱ्यात शेळ्या अडकतात आणि कुत्रं चेकाळतं. आत तीन-चार शांत, रिकाम्या शेळ्या. गाभण नको, करडंवाली नको, बोकड तर नकोच.

तुम्ही शेळ्यांच्या एका बाजूला उभ्या राहिलात की कवडी आपोआप बरोबर विरुद्ध बाजूला जायला बघेल. घड्याळात तुम्ही सहावर, ती बारावर, मध्ये शेळ्या. शेळ्या तुमच्याकडे आणून द्यायच्या ही ओढ तिच्या रक्तातच आहे, तुम्ही फक्त जागा बदलत राहायचं. तुम्ही डावीकडे सरकलात की तीही सरकेल. प्रदक्षिणेच्या दिशेनं गेली की एक शब्द, उलट गेली की दुसरा. कुठले ते तुम्हीच ठरवा. या वेळी तिची शेपूट बघत राहा. शेपूट खाली, मागच्या पायांत असेल तर डोकं कामात आहे. शेपूट वर गेली की खेळ सुरू झाला. लगेच ‘थांब’, मग ‘झालं’, आणि बाहेर. पहिल्या वेळी पाच मिनिटं पुरेत, पुढेही दहाच्या वर नाही, आणि तिला अजून हवं असतानाच संपवायचं.

ऊन विसरू नका. ही गार प्रदेशातली दुहेरी केसांची जात. केस मुळापर्यंत कापू नका, ते उन्हापासूनही राखतात. मार्च ते जून काम सकाळी आठच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर. ही कुत्री दम लागला तरी स्वतः थांबत नाही. जीभ लांब बाहेर, हिरड्या लालभडक, चाल लटपटती दिसली तर सावलीत नेऊन साधं पाणी अंगावर ओतत राहा, पोटाखाली, जांघेत, आणि वारा घाला. आधी गार करा, मग डॉक्टरांकडे न्या.

रात्री ती घरात. जुन्नरकरांना बिबट्याचं मी काय सांगू! शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. पडवी चालणार नाही, दार लावून आत.

औषधांचं एक लक्षात ठेवा. कॉली घराण्यात एक आनुवंशिक दोष असतो, त्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखं औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रं दगावू शकतं. बॉर्डर कॉलीत तो कमी आढळतो, पण आढळतो. शेळ्यांना जंतासाठी, गोचिडांसाठी हेच औषध सर्रास देतात. त्या बाटलीतलं कवडीला कधीही देऊ नका, शेळ्यांना पाजताना सांडलेलं चाटू देऊ नका, आणि डॉक्टर इंजेक्शन भरायला लागले की ‘ही कॉली आहे’ हे आपणहून सांगा. गोचिडांसाठी कुत्र्याची वेगळी गोळी मिळते, ती वजनावर बघून घ्या. बोकड कापला तर कच्ची आतडी-काळीज तिला टाकू नका, त्यातून होणारे जंत मुलापर्यंत पोचतात. आणि ती लवकरच माजावर येईल. ते तीन आठवडे गावातली कुत्री कुंपण उकरतील, तेव्हा नसबंदी कधी करायची हे डॉक्टरांना आताच विचारून ठेवा.

तुम्ही विचारलंत, आमचं चुकलं का. आणताना थोडा कमी विचार झाला, एवढंच. पुढचे सहा महिने मी सांगते तसं करून बघा, यांनाही पुण्याहून आल्यावर तेच शब्द आणि तोच दोर वापरायला लावा. तरीही मुलगा तिला घाबरूनच राहिला, किंवा शेळ्या दूध आटवण्याइतक्या भेदरल्या, तर मोठी मुलं असलेलं, वेळ असलेलं घर शोधून तिला द्यायला मी स्वतः मदत करीन. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण कडी नाकानं उघडणारी, दोन तास बॉलमागे धावूनही तुमच्याकडेच बघत उभी राहणारी पोर आहे ती. मला वाटतं ते घर तुमचंच असेल.

ती शेळी व्यायली की मला दोन ओळी लिहा. व्यायल्यानंतर पहिला आठवडा कवडीला गोठ्याकडे नेऊ नका, वार पडली की लगेच खोल पुरा, ती उकरून काढते. मग एके दिवशी करडांचा वास लागलेलं गोणपाट तिच्या कोपऱ्यात टाका आणि तिला निवांत हुंगू द्या.